उद्यान आणि माळी

सार्वजनिक उद्यान म्हटले की हिरवळ, कारंजी आणि फुलांचे ताटवे आपल्या डोळ्यांसमोर येतात. ते राखणारा माळी मात्र सहसा येत नाही. लोकप्रशासनाचा अभ्यास करताना मला प्रश्न पडला, की सार्वजनिक काम कर्मचाऱ्याला आपले वाटावे, यासाठी नेतृत्वाने काय करावे?

या दृष्टीने न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कचा इतिहास उद्बोधक आहे. ८४३ एकरांच्या या उद्यानाचा आराखडा ओल्मस्टेड आणि व्हॉक्स यांनी १८५८ मध्ये सादर केला. १९७० नंतरच्या दशकात शहर आर्थिक संकटात सापडले. कर्मचारी घटले आणि उद्यानाची दुर्दशा झाली. १९७९ मध्ये एलिझाबेथ बार्लो रॉजर्स प्रशासक झाल्या. १९८० मध्ये लोकवर्गणीवर चालणारी संस्था उभी राहिली आणि जीर्णोद्धार सुरू झाला.

परंतु पैशाने दुरुस्ती होते, निगा राहतेच असे नाही. फिरत्या तुकड्या एकेक काम उरकून पुढे जात. अमुक कोपरा कोणाचा, हे सांगता येत नसे. म्हणून १९९६ मध्ये डग्लस ब्लॉन्स्की यांच्या पुढाकाराने उद्यानाचे ४९ विभाग पाडण्यात आले आणि प्रत्येक विभागाची जबाबदारी एकेका माळ्याकडे सोपविण्यात आली. चूक कोणाची हे आता कळू लागले. तसेच श्रेय कोणाचे, हेही कळू लागले.

डग्लस मॅकग्रेगर यांनी १९६० मध्ये मांडलेला ‘वाय’ सिद्धान्त हेच सांगतो. माणूस मुळात कामचुकार नसतो. योग्य परिस्थितीत तो जबाबदारी स्वीकारतो, एवढेच नव्हे, तर ती शोधतो.

गेल्या सुट्टीत आमच्या गावच्या बागेतील माळीकाकांना मी ही हकीकत सांगितली. ते हसले. म्हणाले, “आम्हाला आज इथं, उद्या तिथं. लावलेलं रोप जगलं का मेलं, ते बघायलासुद्धा मिळत नाही. इतकी वर्षं झाली, इथं कुठलं झाड येईल, असं एका साहेबानं कधी विचारलं नाही.”

सेंट्रल पार्कला श्रीमंत देणगीदार लाभले. आपल्या नगरपालिकांना ते कोठून मिळणार, असा आक्षेप कोणी घेईल. तो खरा आहे. एकट्या माळ्यावर जबाबदारी टाकून पाणी, खत, अवजारे आणि वेळेवर पगार न देणे, हे नेतृत्व नव्हे. पण माळ्याला एक तुकडा नेमून देणे आणि त्याचे मत विचारणे, याला कोणता निधी लागतो?

हे लिहिताना एक गोष्ट लक्षात आली. आपल्या महाविद्यालयाच्या फाटकाजवळील गुलाबांना पाणी घालणाऱ्यांचे नाव मला तीन वर्षांत ठाऊक नव्हते. काल मी ते विचारून घेतले. त्यांनी नाव सांगितले आणि मग अर्धा तास गुलाबांविषयी सांगत राहिले.