पाणबुडीच्या मागचे पाणी
(द्वितीय वर्ष, कला)

माझे वडील खाडीत होडी चालवतात. होडी जड चालू लागली की ते मागे वळून पाहतात. "पुढचं पाणी बाजूला होतंच. मागचं कसं मिटतं ते बघ," असे ते म्हणत. मला मात्र वाटे, पाणी कापायचे तर तोंडच धारदार हवे. कॉलेजात जाणारा घरातला मी पहिलाच, तेव्हा माझेच खरे असेही वाटे. यंदा ग्रंथालयात पाणबुडीच्या आकारावरील प्रयोगांविषयी वाचले आणि हा जुना वाद आठवला. विषय माझ्या शाखेचा नाही. समजला तसा मांडतो.

दुसऱ्या महायुद्धापर्यंतच्या बहुतेक पाणबुड्या म्हणजे पाण्यावर धावणारी आणि गरजेपुरती बुडणारी जहाजेच. पृष्ठभागावर जहाजाची बरीच शक्ती लाटा उठवण्यात जाते, म्हणून त्यांचे तोंड निमुळते असे. खोल पाण्यात लाटांचा प्रश्न उरत नाही. तेथे विरोध मुख्यतः दोन प्रकारचा. एक, अंगाला घासणाऱ्या पाण्याचा. दुसरा, पाणी मागे नीट न मिटल्याचा. शेपटीकडचा उतार एकदम असला तर मंदावलेले पाणी अंग सोडते आणि मागे भोवऱ्यांचा खळबळता माग राहतो. तेथे दाब कमी पडतो व पाणबुडी जणू मागे खेचली जाते.

आकार फार लांबट केला तर घर्षण वाढते, फार आखूड केला तर हा माग. अमेरिकेतील डेव्हिड टेलर मॉडेल बेसिन येथे २४ निरनिराळ्या प्रतिकृती टाकीतून ओढून विरोध मोजण्यात आला. त्याचा अहवाल १९५० साली निघाला. लांबी जाडीच्या सुमारे सातपट असावी, असे त्यातून दिसले. १९५३ साली 'अल्बाकोर' ही पाणबुडी पाण्यात सोडली गेली. तिचे तोंड गोल, शेपटी निमुळती, आकार थेंबासारखा. पुढे पाण्याखाली तिने ३० नॉटहून अधिक वेग गाठला. महायुद्धातील अमेरिकन पाणबुड्यांचा तो ९ नॉटच्या आसपास होता. अर्थात, सुधारलेल्या यंत्रांचाही यात वाटा होता.

पुढे प्रश्न केवळ वेगाचा राहिला नाही, आवाजाचाही झाला. १९८० नंतरच्या दशकात तेथेच 'सबऑफ' नावाची ४.३६ मीटर लांब व अर्धा मीटर जाड प्रतिकृती तयार झाली. ती पाण्यात ओढली, तशीच हवेच्या बोगद्यातही ठेवली. वेग, लांबी आणि द्रवाचा चिकटपणा यांवरून काढलेला रेनॉल्ड्स अंक जुळला की हवेतही पाण्यासारखाच प्रवाह मिळतो. पाठीवरच्या उंचवट्याच्या बुडाशी नालेच्या आकाराचा भोवरा तयार होऊन मागे वाहत जातो. शेपटीच्या पंख्याला त्यामुळे कोठे संथ, कोठे वेगवान पाणी लागते. फिरताना पाती थरथरतात आणि आवाज होतो. लपणे हेच जिचे संरक्षण, तिला तो परवडत नाही.

एक अडचण मात्र राहतेच. प्रतिकृतीचा रेनॉल्ड्स अंक सव्वा कोटीच्या आसपास, तर खऱ्या पाणबुडीचा शंभर कोटींच्या घरात. म्हणून टाकीतला आकडा तसाच न घेता घर्षणाचा हिशेब वेगळा करावा लागतो. ही वाट विल्यम फ्रूड यांनी १८७२ साली इंग्लंडात टॉर्के येथे बांधलेल्या टाकीपासून चालत आली आहे.

दिवाळीच्या सुट्टीत हे सारे वडिलांना सांगितले. त्यांनी विचारले, "मग आपली होडी सातपट करायची का?" मी म्हणालो, "नाही बाबा. ती पाण्यावर चालते, तिला लाटाही उठवाव्या लागतात. तिचं तोंड निमुळतंच हवं." ते हसले. "म्हणजे तुझंही थोडं खरं होतं," म्हणाले, आणि टाकीत प्रतिकृती कशाने ओढतात ते पुन्हा नीट सांगायला लावले.