पावसाळ्यात घरातली भाजी : आधी उजेड पाहा, मग बी पेरा

पावसाळा लागला की मीरा रोड-भाईंदरच्या फ्लॅटमध्ये हौसेने टोमॅटो, मिरची, वांगी लावली जातात आणि महिन्या-दीड महिन्यात रोपे उंच, फिकी, लुळी पडतात. दोष खताला दिला जातो. खरा तुटवडा उजेडाचा असतो. मोकळ्या आकाशाखाली भर दुपारी सुमारे एक लाख लक्स उजेड असतो. खिडकीपासून दीड-दोन मीटर आत तो काही शे लक्सवर येतो, आभाळ भरले की आणखी घटतो. फळभाजीला रोज सहा तास तरी थेट ऊन लागते, पालेभाजीचे तीन-चार तासांत भागते. म्हणून जून ते सप्टेंबर घरात काय लावायचे, हे रिकाम्या कोपऱ्यावरून ठरवू नये, उजेडावरून ठरवावे.

कमी उजेडात साधणारे पीक मुंबईकरांना जुनेच ठाऊक आहे. किनाऱ्यावरच्या वाळूत दाट पेरून, कोवळी असतानाच मुळांसकट उपटलेली समुद्रमेथी बाजारात छोट्या जुड्यांनी मिळते. पहिले काही दिवस रोप बियांतल्या साठ्यावरच वाढते, त्यामुळे उन्हाची उणीव त्याला फारशी जाणवत नाही. स्वयंपाकघरातली मेथी किंवा मूग रात्रभर भिजवून, मोहरी मात्र न भिजवता, तळाला भोके असलेल्या उथळ ट्रेमध्ये ओलसर कोकोपीटवर दाट पसरावेत. दोन-तीन दिवस झाकून ठेवावे, मग खिडकीशी आणावे. दहा-बारा दिवसांत कापणी होते. औषध लावलेले बियाणे यासाठी मुळीच वापरू नये. आणि भाईंदरच्या मिठागरांलगतची माती आणून कुंडी भरण्याचा मोह टाळावा. खारवट मातीत उगवण मार खाते.

छतावर भाजी उत्तम पिकते, मग घरात का नाही, असे कोणी विचारेल. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या स्वयंपाकघराच्या गच्चीवर भाज्या-फळांची बाग फुलली हे खरेच. पण तिथे डोक्यावर पूर्ण आकाश होते. घरात दिवे लावून उजेडाची उणीव काही अंशी भरते. वीस वॅटचा एलईडी रोज बारा तास लावला तर महिन्याला सुमारे सात युनिट वीज जाते. एका ट्रेतल्या पालेभाजीसाठी हे परवडते, टोमॅटोला तेवढा उजेड पुरत नाही. यातून घरची भाजीची सगळी गरज भागणार नाही, हेही मान्य. मात्र पावसात पालेभाजी महाग आणि चिखलाने माखलेली येते, तेव्हा ताजी मूठभर मेथी कामाची ठरते.

ऊन अजिबात नसलेल्या घरासाठी धिंगरी अळिंबी (ऑयस्टर मशरूम) आहे. वीस ते अठ्ठावीस अंश तापमान आणि ऐंशी टक्क्यांवर आर्द्रता तिला मानवते. आर्द्रता इथला पावसाळा फुकट देतो. भाताचा पेंढा भिजवून, गरम पाण्यात निर्जंतुक करून, निथळल्यावर पिशवीत अळिंबीच्या बियाण्याचे थर देत भरावा. साधारण तीन आठवड्यांत पहिली काढणी येते. बियाण्याची चौकशी पुण्याच्या कृषी महाविद्यालयातील अळिंबी प्रकल्पाकडे करता येईल. अळिंबीचे बीजाणू हवेत पसरून दम्याच्या रुग्णाला त्रास देऊ शकतात. म्हणून पिशवी झोपायच्या खोलीत नको आणि छत्री पूर्ण उलगडण्याआधीच तोडावी.

कुंडीखालच्या ताटलीतले पाणी आठवड्यातून दोनदा ओतून ताटली घासावी, कारण डेंग्यूचा डास अशा साचलेल्या पाण्यात अंडी घालतो. ग्रिलच्या बाहेर कुंडी टांगू नये. वादळी वाऱ्यात ती खालून जाणाऱ्याच्या जिवावर बेतते. टोमॅटो-मिरचीची रोपे पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबरमध्ये, आणि तीही थेट ऊन येणाऱ्या बाल्कनीतच लावावीत.