वजन बरोबर, पण पोटाचे काय?

“डॉक्टर, वजन बरोबर आहे ना?” दवाखान्यातल्या काट्यावरून उतरताना बहुतेक जण हा प्रश्न विचारतात. बाजारपेठेतील एका धान्य दुकानदारांना मी दोन वर्षे “अगदी बरोबर” असेच उत्तर देत होतो. वय ४६, उंची ५ फूट ५ इंच, वजन ६२ किलो. तक्त्यात चोख बसणारे. एके दिवशी ते तक्रार घेऊन आले, “जेवून जिना चढलो की छातीत गॅस अडकतो.” आठ दिवस ओवा आणि सोडा घेऊन झाला होता. हा ‘गॅस’ चढताना येतो आणि पाच मिनिटे बसले की जातो, हे ऐकून मी सावध झालो व त्यांना त्याच दिवशी हृदयरोगतज्ज्ञांकडे पाठवले. हृदयाच्या एका रक्तवाहिनीत मोठा अडथळा निघाला. स्टेंट बसवला, आज ते पुन्हा गल्ल्यावर बसतात. पण दोन वर्षांत मी त्यांच्या कमरेला एकदाही टेप लावली नव्हती, ही माझी चूक. नंतर लावली, तेव्हा घेर ९४ सेंटिमीटर भरला.

बारीक अंग, आत चरबी

काटा एकूण वजन सांगतो. त्यात स्नायू किती आणि चरबी किती, हे तो सांगत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी हे स्वतःच्याच उदाहरणाने दाखवले. २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचे आणि इंग्लंडमधील डॉ. जॉन युडकिन यांचे छायाचित्र शेजारी शेजारी छापले गेले. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचाही सारखाच, २२.३. पण शरीरातील चरबी युडकिन यांच्यात ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के! आपल्याकडील पुष्कळ लोकांची ठेवण अशीच असते. हातपाय बारीक आणि पोट पुढे.

पोटाच्या आत, आतड्यांभोवती साठणारी चरबी नुसती पडून राहत नाही. तिच्यातील स्निग्ध आम्ले सरळ यकृताकडे जातात. मग रक्तात ट्रायग्लिसराइड वाढते, चांगले कोलेस्टेरॉल घटते, इन्शुलिन नीट काम करेनासे होते, साखर व रक्तदाब चढतो. हे सारे मिळून वर्षानुवर्षे रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराला इजा करतात. दुखत काहीच नाही, म्हणून आपण निश्चिंत असतो.

भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या मोठ्या पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशातील ३९.५ टक्के प्रौढांचे पोट प्रमाणाबाहेर सुटलेले आहे. म्हणजे दर पाचांत दोघे. शहरांत हे प्रमाण खेड्यांपेक्षा जास्त आहे. आता आपली तालुक्याची गावेही शहरांच्याच वाटेने निघाली आहेत. कोपऱ्यावरून दूध आणायलाही दुचाकी लागते.

घेर कसा मोजावा?

शिवणकामाची टेप घ्या. सरळ उभे राहा. शेवटची बरगडी आणि कमरेच्या हाडाचा वरचा काठ यांच्या मधोमध, उघड्या पोटावर टेप गुंडाळा. सहज श्वास सोडल्यावर आकडा पाहा. पोट आत ओढू नका, ती स्वतःचीच फसवणूक! पँटचा नंबर धरू नका. अनेकांची पँट पोटाच्या खाली बांधलेली असते. पुरुषांचा घेर ९० सेंटिमीटरच्या (साधारण साडेपस्तीस इंच) आणि स्त्रियांचा ८० सेंटिमीटरच्या (साधारण साडेएकतीस इंच) आत हवा. जास्त भरला, तर रक्तदाब, उपाशीपोटी साखर आणि कोलेस्टेरॉल तपासून घ्या.

स्वयंपाकघरात काय बदलावे?

पहिले तेल. बैठे काम करणाऱ्याला दिवसाला चार ते पाच चहाचे चमचे पुरे. चार माणसांच्या घरात महिन्याला अडीच ते तीन लिटर. वाण्याच्या यादीत आपल्या घरी किती येते, ते पाहा. एकदा तळलेले तेल पुन्हा पुन्हा तळणीस वापरू नका.

दुसरी साखर. दोन चमचे साखरेचा चहा दिवसातून पाच वेळा घेतला, की ५० ग्रॅम साखर, म्हणजे सुमारे २०० कॅलरी नुसत्या चहातून पोटात जातात. आठवड्याला अर्धा चमचा कमी करत जा, जिभेला कळणारही नाही.

तिसरे मीठ. दिवसाला ५ ग्रॅम, म्हणजे सपाट एक चहाचा चमचा, हीच मर्यादा. लोणचे, पापड, फरसाण यांतले मीठही त्यातच मोजायचे.

चौथे ताट. अर्धे ताट भाजी आणि कोशिंबिरीने भरा. उरलेल्यात वरण किंवा उसळ आणि ज्वारी-बाजरीची भाकरी. भात वाटीने मोजून. उपवासाला साबुदाण्याची खिचडी आणि वर तळलेले वेफर खाल्ले, तर पोटाला कसला उपवास?

यासोबत रोज अर्धा तास भरभर चाला. बोलता येईल, पण गाणे म्हणता येणार नाही, इतका वेग हवा. तंबाखू आणि बिडी-सिगारेट मात्र पूर्ण बंद. पथ्य सुरू केले म्हणून रक्तदाबाच्या वा साखरेच्या गोळ्या आपल्या मनाने थांबवू नका.

हे विसरू नका

छातीवर दडपण, डावा हात किंवा जबडा दुखणे, दरदरून घाम, अचानक दम लागणे यांना ‘गॅस’ म्हणून ओवा खात बसू नका. स्त्रियांना आणि मधुमेहींना कधी कधी छातीत न दुखता नुसताच दम लागतो किंवा कमालीचा थकवा येतो. १०८ वर फोन करा आणि रुग्णालय गाठा. स्वतः गाडी चालवत जाऊ नका.

तेव्हा वाचकहो, आज शिलाई मशीनच्या खणातली टेप काढा आणि घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाचा घेर कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवा. तीन महिन्यांनी पुन्हा मोजा. पुढच्या वेळी दवाखान्यात आलात की डॉक्टरांना वजनाआधी हा आकडा सांगा. मीही आता तोच आधी विचारतो.