ज्वलनरोधक मिश्रणांचे शास्त्र : एक दुर्लक्षित व्यवसाय

बारावीचा निकाल हाती पडला, की संगणकाखेरीज दुसऱ्या शाखेचे नाव काढताच ज्या पालकांच्या मनात शंकाकुशंकांचे काहूर उठते, त्यांच्यापुढे आज मी पॉलिमर अभियांत्रिकीतील एका विशिष्ट कामाची शिफारस करीत आहे. ते काम म्हणजे हॅलोजनविरहित ज्वलनरोधक द्रव्यांचा असा मेळ घालणे, की केबलचे आवरण, स्विचचे कवच वा विजेवरील दुचाकीच्या बॅटरीची पेटी सहजी पेट घेणार नाही, आणि घेतलाच तर आतल्या माणसांना बाहेर पडण्याइतकी उसंत मिळेल.

पूर्वी ही कामगिरी ब्रोमीनयुक्त द्रव्ये अँटिमनी ट्रायऑक्साइडच्या साह्याने चोख बजावीत असत. परंतु त्यांपैकी कित्येक द्रव्ये माती, पाणी आणि प्राणिमात्रांच्या शरीरांत वर्षानुवर्षे टिकून राहतात असे निष्पन्न झाल्यामुळे २००९ साली आणि पुढे २०१७ साली स्टॉकहोम कराराच्या बंदीयादीत त्यांतील काही प्रमुख संयुगे दाखल झाली. शिवाय पीव्हीसीसारखे क्लोरीनयुक्त प्लास्टिक जळताना हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो, तो डोळे व श्वासनलिका होरपळवतो. आगीत माणसे ज्वाळांपेक्षा धुरानेच अधिक दगावतात. १९९७ साली दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहात ५९ माणसे गेली, ती बहुतांशी गुदमरून.

ब्रोमीन-क्लोरीनसारखे हॅलोजन वगळायचे तर त्यांच्या जागी काय घालायचे, येथे खरी विद्या सुरू होते. ॲल्युमिनियम ट्रायहायड्रॉक्साइड ही पांढरी भुकटी सुमारे २०० अंश सेल्सिअसच्या पुढे तापली, की आपल्या वजनाच्या एक-तृतीयांशाहून किंचित अधिक पाणी वाफेच्या रूपाने सोडते आणि आगीची उष्णता शोषून घेते. पण केबलच्या आवरणात तिचा पुरता गुण यावा तर ती वजनाने साठ टक्क्यांच्या आसपास घालावी लागते, आणि मग आवरणाची लवचिकता हरपते. नायलॉन ६६ मध्ये तर ती चालतच नाही, कारण ते २६० अंशांच्या सुमारास वितळते आणि तेवढ्या तापमानाला प्लास्टिक वितळवणाऱ्या एक्स्ट्रूडर यंत्रातच भुकटीचे पाणी सुटू लागते. तेथे ॲल्युमिनियम डायइथाइल फॉस्फिनेट आणि मेलामाइन पॉलिफॉस्फेट यांची जोडी कामास येते : पहिले ज्वालेतील रासायनिक साखळी तोडते, दुसरे अज्वलनशील वायू सोडून ज्वाला विरळ करते व पृष्ठभागावर कोळशाचा थर धरण्यास मदत करते, आणि थोडेसे झिंक बोरेट त्या थराला बळकटी देते. एकट्या द्रव्याची जेवढी मात्रा लागली असती, त्याहून कमी मात्रेत ही जोडी तेच कार्य साधते आणि नायलॉनची ताकद पुष्कळशी शाबूत राहते. कोणते द्रव्य, कोणाच्या सोबतीने आणि किती, हे ठरवण्याचा विवेक हेच या व्यवसायाचे मर्म आहे.

त्या विवेकाची परीक्षा प्रयोगशाळेत होते. १२५ मिलिमीटर लांब व १३ मिलिमीटर रुंद अशी मिश्रणाची पट्टी उभी टांगून तिच्या खालच्या टोकाला दहा सेकंद ज्योत लावतात, ती काढून पट्टी विझेपर्यंत वेळ मोजतात आणि पुन्हा दहा सेकंद लावतात. खाली कापूस पसरलेला असतो. यूएल ९४ या प्रमाणातील ‘व्ही-०’ दर्जासाठी दर खेपेस ज्वाला दहा सेकंदांच्या आत विझावी लागते, आणि पेटता थेंब पडून कापसाने पेट घेता कामा नये. हा दर्जा न मिळाल्यास मिश्रणाचे प्रमाण नव्याने मांडावे लागते. या पुनरावृत्तीचा ज्याला कंटाळा येतो, त्या मुलाला केवळ नोकरीच्या आशेने इकडे धाडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

शिक्षणाची सोय महाराष्ट्रातच आहे. माटुंग्याच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत पॉलिमर अभियांत्रिकीची पदवी मिळते. छत्रपती संभाजीनगरच्या सिपेट या संस्थेत दहावीनंतरही प्लास्टिक तंत्रज्ञानाची पदविका घेता येते. आणि संशोधनाची ओढ असणाऱ्यांना पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा दूर नाही. पुढे केबल, स्विचगियर, वाहनांचे सुटे भाग आणि कंपाउंडिंगचे कारखाने ही नोकरीची ठिकाणे. आरंभीचा हुद्दा पाळीतला असला तरी पालकांनी त्यात कमीपणा मानू नये, कारण यंत्राशेजारी उभे राहिल्यावाचून हे मिश्रण कोणालाही उमगलेले नाही. तेव्हा प्रवेशाच्या अर्जात शाखांचा पसंतीक्रम भरण्यापूर्वी मुलाला वा मुलीला घेऊन यांपैकी एखाद्या संस्थेत रीतसर परवानगीने जा, आणि तेथील अध्यापकांशी तुमच्याऐवजी त्यांनाच बोलू द्या.