नवजात अर्भक आणि गावातील आरोग्यसेविका

जन्मानंतरचे पहिले २८ दिवस हा बालपणातील सर्वांत धोक्याचा काळ होय. या अवस्थेतील मुलास नवजात अर्भक म्हणतात. या काळातील मृत्यूंपैकी सुमारे तीन-चतुर्थांश मृत्यू पहिल्या आठवड्यातच घडतात. अर्भकाचे दुखणे काही तासांत विकोपास जाते. आणि दूरच्या खेड्यात दवाखाना गाठेपर्यंत तेवढा वेळ निघून जातो. तेव्हा दवाखान्यातील काही ज्ञान व साधने गावातच ठेवता येतील काय, असा प्रश्न उपस्थित होतो.

मृत्यूची कारणे

नवजात अर्भकांच्या मृत्यूची मुख्य कारणे तीन आहेत : अपुऱ्या दिवसांचा किंवा कमी वजनाचा जन्म, जन्मतःच श्वास सुरू न होणे, आणि जंतुसंसर्ग. जन्मसमयी वजन २,५०० ग्रॅमपेक्षा कमी असल्यास ते कमी समजतात. अशा बाळाच्या अंगात चरबी थोडी असल्याने ते लवकर गार पडते. गार पडलेले बाळ नीट दूध ओढीत नाही. दूध न मिळाल्याने ते अधिक अशक्त होते आणि जंतूंना सहज बळी पडते. हे दुष्टचक्र आरंभीच तोडणे अवघड नाही. बाळाला कोरडे करून गुंडाळावे, आईच्या उघड्या छातीशी धरावे, पहिल्या तासातच अंगावर पाजावे. पहिले पिवळसर दूध, म्हणजे चीक, टाकून देण्याची चाल अनेक ठिकाणी होती. वस्तुतः रोगप्रतिकारक द्रव्ये त्यातच विपुल असतात.

मणी आणि वाळूचे घड्याळ

महाराष्ट्राच्या पूर्व टोकास असलेल्या गडचिरोली या अरण्यमय जिल्ह्यात डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये ‘सर्च’ ही संस्था काढली. तेथे प्रथम बालकांच्या न्यूमोनियाचा विचार झाला. या रोगात श्वासाची गती वाढते. दोन महिन्यांखालील मुलाचे श्वास मिनिटास ६० किंवा अधिक भरले, तर तो धोका समजतात. पण पुष्कळशा सुइणी निरक्षर होत्या. त्यांनी साठ कसे मोजावेत? त्यांच्यासाठी मणी आणि एका मिनिटाचे वाळूचे घड्याळ असलेले साधे उपकरण करण्यात आले. दर दहा श्वासांना एक मणी सरकवावयाचा. वाळू संपण्यापूर्वी लाल मण्याची पाळी आली, की श्वास वेगाने चालला आहे असे जाणावे. दहापर्यंत मोजता येणाऱ्या स्त्रीलाही या रीतीने रोग ओळखता येऊ लागला.

घरोघरी नवजात-सेवा

पुढे १९९५ मध्ये ३९ गावांत घरोघरी नवजात-सेवा सुरू झाली. प्रत्येक गावातील थोड्याफार शिकलेल्या स्त्रीस प्रशिक्षण देण्यात आले. प्रसूतीच्या वेळी ती सुइणीसह हजर राही व नंतर ठरलेल्या दिवशी घरी जाई. बाळाचे वजन व ताप पाहणे, ऊब राखणे, स्तनपानास साहाय्य करणे, श्वास न घेणाऱ्या बाळास मुखवट्याने हवा देणे, ही तिची कामे होती. रडणे क्षीण होणे, दूध ओढणे मंदावणे, हातपाय लुळे पडणे ही जंतुसंसर्गाची लक्षणे ती ओळखी आणि माता-पित्यांच्या संमतीने प्रतिजैविक औषध देई. डॉक्टर तिच्या कामावर देखरेख ठेवीत.

शेजारच्या ४७ गावांत ही सेवा नव्हती. तेथे केवळ जन्म-मृत्यूंची नोंद होई. तुलनेसाठी असा दुसरा गट ठेवला नाही, तर फरक सेवेमुळे पडला की अन्य कारणाने, हे सांगता येत नाही. सेवेच्या तिसऱ्या वर्षी, १९९७-९८ मध्ये, तुलनेच्या गावांत दर हजार जिवंत जन्मांमागे सुमारे ६० नवजात दगावले. सेवेच्या गावांत हे प्रमाण सुमारे २५ होते. हा निष्कर्ष १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला.

देशव्यापी योजना

भारतात २००५ पासून गावोगाव ‘आशा’ कार्यकर्त्या नेमण्यात आल्या आणि २०११ मध्ये घरोघरी नवजात-सेवा ही त्यांच्या कामाचा भाग झाली. दवाखान्यात जन्मलेल्या बाळास त्या तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या व बेचाळिसाव्या दिवशी भेट देतात. घरी जन्मलेल्यास पहिल्या दिवशीही. या भेटींत मातेचा रक्तस्राव व ताप यांचीही चौकशी होते.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार देशातील सुमारे ८९ टक्के प्रसूती रुग्णालयांत झाल्या. मग घरभेटींची गरज काय, असे कोणी म्हणेल. परंतु माता दोन-तीन दिवसांत घरी परतते आणि धोक्याचे उरलेले दिवस घरीच जातात. २०२० मध्ये देशात दर हजार जिवंत जन्मांमागे २० नवजात मृत्यू पावले. रुग्णालय आणि घर यांमधील हे अंतर भरून काढण्याचे काम गावातील प्रशिक्षित स्त्रीच करू शकते; मात्र तिला साधने, औषधे, देखरेख आणि योग्य मोबदला वेळेवर मिळाला पाहिजे.

प्रश्न

१. कमी वजनाचे बाळ लवकर गार का पडते?
२. गडचिरोलीच्या प्रयोगात सेवा नसलेल्या ४७ गावांची नोंद कशासाठी ठेवली?
३. रुग्णालयात प्रसूती झाली तरी घरभेटी का आवश्यक आहेत?