टाळेबंदी आणि मुलांचे मनःस्वास्थ्य



२५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी लागू झाली. शाळा त्यापूर्वीच बंद झाल्या होत्या. राज्यात पहिली ते चौथीचे वर्ग भरविण्यास पुन्हा परवानगी मिळाली ती १ डिसेंबर २०२१ पासून. म्हणजे जून २०२० मध्ये पहिलीत दाखल झालेले मूल दुसरीचे निम्मे वर्ष सरेपर्यंत वर्गात बसलेच नाही. ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ या उपक्रमाने पाठ घरोघर पाठविले. परंतु जेथे घरात एकच भ्रमणध्वनी व तोही वडिलांच्या खिशात, तेथे ते मुलाच्या हाती लागले नाहीत.

चाकण परिसरात कारखान्यांच्या आधाराने आलेली कित्येक कुटुंबे एकेका खोलीत राहतात. काम थांबताच काही गावी परतली. जी राहिली, त्यांच्या मुलांनी भाड्याची चिंता व आजाराची भीती त्याच खोलीत रात्रंदिवस ऐकली. आपण समजतो तितके मूल अजाण नसते.

शाळा उघडल्यावर एका वर्गात असे आढळले की, एक मुलगा दिवसभर पाठीवरचे दप्तर उतरवीत नसे. बाईंनी न रागावता कारण विचारले. “शाळा परत बंद झाली म्हणजे?” एवढेच तो म्हणाला. दुसऱ्या दिवशी बाईंनी कुंडीतील रोपाला रोज पाणी घालण्याचे काम त्याच्याकडे सोपविले. काही दिवसांनी दप्तर आपोआप खाली आले. उद्या आपली येथे गरज आहे, हे त्याला त्या कामातून उमगले.

साथ ओसरली, तरी स्थलांतरामुळे शाळा तुटलेली मुले आपल्या वर्गात दरवर्षी येतात. त्यांच्याबाबत पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात :

१. आल्याबरोबर चाचणी घेऊ नये. खेळ, गोष्ट व चित्र यांतून मुलास बोलते करावे.

२. गप्प बसणारे मूल शिस्तीचेच असते असे मानू नये. घरातील दुःखाविषयी वर्गासमोर विचारू नये. ते आपण होऊन सांगू लागल्यास मध्येच थांबवू नये.

३. झोप, भूक वा खेळ यांतील बदल दोन आठवडे टिकल्यास पालकांस भेटून प्राथमिक आरोग्य केंद्राचा सल्ला घेण्यास सुचवावे. मूल संकटात असल्यास १०९८ या क्रमांकावर कळवावे.

४. शाळा पुन्हा बंद ठेवणे भाग पडल्यास आठवड्यातून एकदा तरी प्रत्येक मुलाची नावानिशी विचारपूस करावी. स्वाध्यायाचा विषय त्यानंतर काढावा.

हजेरी घेताना नावाबरोबर चेहऱ्याकडेही पाहावे. त्यासाठी वेळापत्रकात वेगळा तास लागत नाही.