तिकीट स्वस्त कशानं झालं?

देवनारहून दूरदेशी निघणारी माणसं एका साच्यातली नसतात. टाटा इन्स्टिट्यूटमधून बाहेर पडून युरोपात पुढचं शिकायला चाललेला मुलगा, लेकीच्या बाळंतपणासाठी न्यू जर्सीला निघालेली आई, लोकसंख्या विज्ञान संस्थेतला अभ्यासक्रम संपवून आफ्रिकेत घरी परतणारा विद्यार्थी. पहिला प्रश्न मात्र सगळ्यांचा एकच: सगळ्यात स्वस्त तिकीट कुठं मिळेल? माझ्या मते हा प्रश्न अर्धाच आहे. ते स्वस्त कशानं झालं, हा उरलेला अर्धा विचारल्याशिवाय कार्डाला हात लावू नये. लांबच्या प्रवासाचं तिकीट मुख्यतः दोन वाटांनी स्वस्त होतं. एक तर प्रवासी गैरसोय सोसतो, नाहीतर त्या व्यवहारातून कुणाची तरी जबाबदारी गुपचूप काढून घेतलेली असते. पहिली वाट खुशाल धरावी. दुसरीत वाचलेले पैसे म्हणजे विमा न काढता वाचवलेला हप्ता.

गैरसोयीतून येणारी स्वस्ताई प्रामाणिक असते. एकाच विमानात, एकाच इकॉनॉमी वर्गात शेजारी बसलेल्या दोघांनी वेगवेगळं भाडं मोजलेलं असतं, कारण कंपनी त्याच जागा अनेक भाडेगटांत विभागून विकते. खालच्या गटातल्या जागा संपल्या की पुढच्या गिऱ्हाइकाला वरचा गट. आपण तीनदा शोधलं म्हणून भाव चढला, अशी समजूत घरोघरी आहे. बहुतेक वेळा झालेलं इतकंच असतं की खालच्या गटातली शेवटची जागा कुणीतरी नेली. मे महिन्यात शाळांना सुटी, ऑगस्टमध्ये अमेरिकेतल्या विद्यापीठांची सुरुवात, डिसेंबरात नाताळ: या दिवसांत खालचे गट फार काळ टिकत नाहीत. मुंबईहून न्यूयॉर्कला थेट विमान पंधरा-सोळा तासांत नेतं. इस्तंबूल किंवा आदिस अबाबामार्गे गेलं तर दिवस मोडतो, पण पैसे वाचू शकतात. गुडघेदुखीच्या आजीला हा सौदा झेपेल का, ते घरच्यांनी ठरवावं. सौदा निदान उघड आहे.

दुसरी स्वस्ताई डोळ्यांना दिसत नाही. समजा दिल्ली–टोरांटोचं भाडं मुंबईपेक्षा बरंच कमी दिसलं आणि मुंबई–दिल्लीचं तिकीट वेगळं काढलं. नवी मुंबईचा विमानतळ २५ डिसेंबर २०२५ला देशांतर्गत उड्डाणांनी सुरू झाला, आणि देवनारहून वाशीचा पूल ओलांडला की पुढचा रस्ता त्याच दिशेचा. त्यामुळे हा मोह आता वाढणार. पण दोन तिकिटं म्हणजे दोन स्वतंत्र करार. पहिलं विमान उशिरा पोचलं तर दुसऱ्या कंपनीच्या लेखी आपण आलोच नाही, आणि तिच्या तिकिटाचा पहिला टप्पा चुकला की त्याच तिकिटावरचा परतीचा प्रवासही सहसा रद्द होतो. सामानाचा हिशेब तर घरबसल्या करता येतो. देशांतर्गत साधारण १५ किलोची मुभा, उत्तर अमेरिकेच्या अनेक भाड्यांत २३ किलोच्या दोन बॅगा. सगळा प्रवास एका तिकिटावर असेल तर परदेशी टप्प्याची मुभा सहसा दिल्लीपर्यंतही चालते. वेगळ्या तिकिटावर ३१ किलोंचे जादा पैसे काउंटरवर मोजा. असा जोड परदेशातल्या विमानतळावर असला तर बॅग घेऊन पुन्हा चेक-इन करायला त्या देशात शिरावं लागतं, म्हणजे त्या देशाचा व्हिसाही आला. २३ जून २०२५च्या संध्याकाळी कतारनं काही तास आपलं आकाश बंद केलं, तेव्हा दोहामार्गे जाणाऱ्यांची विमानं भलतीकडे वळली. ज्यांचा अख्खा प्रवास एका तिकिटावर होता, त्यांना पुढं पोचवणं हे कंपनीचं काम होतं. जोडतिकीटवाल्यांचं पुढचं विमान कुणाचंच काम नव्हतं.

मध्यस्थाकडून घेतलेल्या तिकिटात हीच गोष्ट वेगळ्या रूपात येते. पीएनआर म्हणजे तिकीट नव्हे, हे अजून पुष्कळांना ठाऊक नसतं. जागा नुसती राखून ठेवली तरी सहा अक्षर-आकड्यांचा पीएनआर मिळतो, कंपनीच्या संकेतस्थळावर आपलं नावही दिसतं. पैसे कंपनीकडे गेल्यावर निघतो तो तेरा आकडी तिकीट क्रमांक, आणि त्याचे पहिले तीन आकडे कंपनीची ओळख सांगतात: एअर इंडिया ०९८, एमिरेट्स १७६, लुफ्तान्सा २२०. भामटा एजंट पीएनआर पाठवून पैसे घेतो आणि राखीव जागा मुदत संपून आपोआप सुटते. म्हणून पैसे दिल्यावर काही तासांत कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावर तिकीट क्रमांक दिसलाच पाहिजे. तो दिसत नसेल तर ‘सिस्टीम स्लो आहे’ हे उत्तर दुसऱ्या दिवशी ऐकून घेऊ नये. फसवणूक वाटली तर १९३० या सायबर मदत क्रमांकावर लगेच फोन करावा. पासपोर्टवरचं नाव जसंच्या तसं आहे का, तेही तेव्हाच पाहावं. आपल्याकडे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मध्ये येतं, लग्नानंतर आडनाव बदललेलं असतं पण पासपोर्ट जुनाच असतो, आणि एजंट ते अंदाजानं भरतो.

यावर नेहमीचा आक्षेप असा की आमचा एजंट वीस वर्षांचा ओळखीचा आहे, आणि अडचणीत कंपनीच्या फोनपेक्षा तोच उपयोगी पडतो. हे खरं आहे, आणि असा माणूस असेल तर त्याचं कमिशन आनंदानं द्यावं. पण ओळख चांगली असली तरी पैशाचा रस्ता लांबचाच राहतो. एजंटामार्फत काढलेल्या तिकिटाचा परतावा ही विमान कंपनीचीच जबाबदारी, असं डीजीसीए या विमान वाहतूक नियामकाचे नियम सांगतात. टाळेबंदीतल्या तिकिटांबद्दल सर्वोच्च न्यायालयानं १ ऑक्टोबर २०२०ला कंपनीकडून आलेली रक्कम एजंटानं लगेच प्रवाशाला द्यावी असं बजावलं. तरीही ऑनलाइन तिकीट विकणाऱ्यांकडे अडकलेल्या पैशांसाठी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला २०२४मध्येही आदेश काढावा लागला. अमेरिकेला जाणाऱ्या विमानांचंही तसंच: प्रवास सात दिवसांहून दूर असेल तर चोवीस तासांत फुकट रद्द करण्याची, किंवा तेवढा वेळ भाडं धरून ठेवण्याची, सोय द्यावी हा तिथला नियम विमान कंपन्यांना बांधतो, मध्यस्थांना नाही. फरक हजार-दोन हजारांचा असेल तर मी कंपनीकडूनच घेईन.

अधिक टोकदार आक्षेप जेट एअरवेजचा. लंडन-ॲमस्टरडॅमला उडणारी, आपल्या मुंबईतली कंपनी १७ एप्रिल २०१९ला, ऐन सुटीच्या तोंडावर बंद पडली. तिच्याकडून थेट तिकीट घेणाऱ्यांचं काय भलं झालं? काहीच नाही, हे मान्य. प्रकरण दिवाळखोरी न्यायाधिकरणात गेलं आणि नोव्हेंबर २०२४मध्ये सर्वोच्च न्यायालयानं कंपनी मोडीत काढायला सांगितलं. अशा रांगेत बँका पुढं आणि प्रवासी मागं असतात. जेट बंद पडली त्याच वर्षी, २०१९च्या सप्टेंबरमध्ये, ब्रिटनची थॉमस कुक कोसळली (त्याच नावाची भारतातली कंपनी वेगळी), तेव्हा तिथल्या सरकारनं सुमारे दीड लाख लोकांना घरी आणलं; सुटीच्या पॅकेजमागे आधीपासून संरक्षण निधी उभा होता. आपल्या विमान तिकिटामागे तसा निधी नाही. म्हणून कंपनीनंतर दुसरं राखणीचं दार आपणच ठेवायचं: क्रेडिट कार्ड. सेवा मिळालीच नाही, असा वाद बँकेकडे मांडता येतो. एजंटाच्या खासगी नंबरवर आपल्या हातानं यूपीआय केलेल्या पैशांसाठी तशी सोय जवळजवळ नाहीच. शिवाय जेटच्या वैमानिकांचे पगार थकल्याच्या, विमानं जमिनीवर उभी राहिल्याच्या बातम्या कित्येक आठवडे आधीपासून छापून येत होत्या. त्याच काळात त्या कंपनीचं सहा महिन्यांनंतरचं तिकीट भरघोस सवलतीत मिळत असेल, तर ती सवलत कसली ते उघड आहे.

वाद झालाच तर २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं एक गोष्ट सोपी केली आहे. कंपनीचं कार्यालय गुरुग्रामला असो की दुबईला, तक्रारदार राहतो तिथल्या जिल्हा आयोगाकडे दाद मागता येते. देवनारच्या माणसाला त्यासाठी वांद्र्यापर्यंतच जावं लागतं, अर्थात तिकीट क्रमांक, स्वतःच्या नावाचं बिल आणि कार्डाचा उतारा पिशवीत असेल तर.